वाचकांचे प्रश्न: इंजिन बांधायला स्टँड कोणता?

हरभरा-गहू घरात आला की मार्च ते मे या काळात गाड्या दुरुस्तीला निघतात, तसे या महिन्यातले बरेच प्रश्न इंजिन स्टँडचे आहेत. स्टँड म्हणजे चाकांवरचा खांब; त्याच्या वरच्या टोकाला फिरणारा पाइप आणि प्लेट असते, तिला इंजिन बोल्टांनी लटकवून हवं तसं फिरवता येतं. जुन्या टायरवर किंवा लाकडी पाटावर इंजिन ठेवून बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यात ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) उलटताना माती आत जाते, बोटं चेपतात आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) पिचकतं. स्टँड घेण्याचा किंवा बनवण्याचा विचार चांगलाच आहे, फक्त तो पारखून घ्या.

वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ): बोलेरो डीआय ऑइल खाते, फुल इंजिन काम करायचं आहे. दुकानदाराने दोन स्टँड दाखवले: 450 किलोचा तीन चाकी आणि 680 किलोचा चार चाकी. इंजिन काही 450 किलोचं नाही, मग स्वस्तातला घेतला तर काय बिघडलं?

दुकानातला आकडा वजनाचा असतो, पण स्टँडला नुसतं वजन उचलायचं नसतं. इंजिन मागच्या बाजूने, म्हणजे गियरबॉक्स बसतो त्या तोंडाने, चार बोल्टांवर धरलेलं असतं आणि बाकी सगळं हवेत पुढे लोंबतं. भरलेली बादली छातीशी धरली तर जड लागत नाही, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. स्टँडच्या खांबाचं तसंच होतं.

हिशेब करून पाहा. बोलेरोचं 2523 सीसीचं इंजिन ओतीव लोखंडी ब्लॉकचं, चार सिलिंडर एका रांगेत असलेलं, म्हणजे लांब. स्टार्टर, अल्टरनेटर काढले तरी सव्वादोनशे किलो धरून चाला. स्टँडच्या प्लेटपासून त्याचा भारमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटतं ती जागा, साधारण 42 सेंटीमीटर पुढे येतो. 225 गुणिले 0.42 म्हणजे सुमारे 95 किलोग्रॅम-मीटरचा ताण. तीन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन 70 किलोचं आणि भारमध्य 30 सेंटीमीटरवर धरलं तर हाच ताण 21 येतो. वजन सव्वातीन पट, पण खांबावरचा ताण साडेचार पट. म्हणून लांब डिझेल इंजिनासाठी आमचा नियम असा: स्टँडवर लिहिलेल्या आकड्याचा निम्मा हिशेबात धरायचा, आणि तो निम्माही इंजिनाच्या वजनाला घासून जात असेल तर वरचा स्टँड घ्यायचा. तुम्ही 680 चाच घ्या.

तीन चाकी स्टँडला आम्ही बोलेरोसाठी स्पष्ट नाही म्हणतो. त्याचा पुढचा पाय एकच आणि मधोमध असतो. इंजिन सरळ असेपर्यंत ठीक चालतं, पण फिरवताना भार एका कुशीला गेला आणि त्याच वेळी चाक फरशीच्या सांध्यात अडकलं तर स्टँड आडवा पडतो. मारुती 800, ओम्नी किंवा टाटा एसचं दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन असतं तर तीन चाकी चालला असता.

दुकानात टेप घेऊन जा आणि खांबापासून पुढच्या चाकापर्यंत मोजा. खांब ते प्लेट वीसेक सेंटीमीटर आणि प्लेट ते भारमध्य 42, मिळून 62 होतात. पुढचं चाक 75 ते 80 सेंटीमीटरवर हवंच. फिरणारा पाइप हाताने वर-खाली हलवून बघा. मोकळा स्टँडच खुळखुळत असेल तर इंजिन लावल्यावर त्याचं नाक आणखी खाली जाईल. प्लेट आणि ब्लॉक यांच्यात 75 मिमी तरी जागा राहील असे बुश (बोल्ट ज्यातून जातो त्या नळ्या) आहेत का तेही बघा. त्याचं कारण पुढे ऑइल सीलच्या प्रश्नात आलं आहे.

परवडत असेल तर हँडलने गियर फिरवायचा स्टँड घ्या. साध्या स्टँडमध्ये 225 किलोचा भारमध्य पाइपच्या मध्यापासून 10 सेंटीमीटर बाजूला असेल तर अर्ध्या मीटरच्या दांडीवर 45 किलोचा जोर लागतो. दांडी निसटली की तोच जोर उलटा येतो. मनगटं अशीच मोडतात. गियरवाला स्टँड मध्येच सोडला तरी जागचा हलत नाही.

वाचक, हिंगणघाट: स्टँडसोबत आलेले बोल्ट माझ्या मारुतीच्या ब्लॉकला लागत नाहीत. गियरबॉक्सचेच बोल्ट वापरू का?

गियरबॉक्सचे बोल्ट बहुधा आखूड पडतील. स्टँडचा बुश 60-70 मिमीचा असतो, तो ओलांडून बोल्ट ब्लॉकमध्ये किती शिरला हे महत्त्वाचं. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये बोल्टच्या जाडीइतका तरी आत जावा, सव्वापट गेला तर उत्तम. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दीडपट ते दुप्पट, म्हणजे 10 मिमीच्या बोल्टला 15 ते 20 मिमी.

लांबी अशी काढा: बुश 60, वॉशर 3, आत 18, मिळून 81. म्हणजे 80 चा बोल्ट. पण आधी ब्लॉकचं भोक किती खोल आहे ते बारीक तारेने मोजा. बोल्ट भोकाच्या तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटतं आवळला, आणि बुश मात्र ढिलाच राहतो. ही चूक दिसत नाही म्हणून धोक्याची. बोल्ट आवळल्यावर बुश हाताने फिरवून बघा. फिरला तर बोल्ट तळाला टेकलेला आहे.

आट्यांची गल्लत सर्वांत जास्त होते. 10 मिमीचा बोल्ट 1.25 च्या आट्यांत मिळतो आणि 1.5 च्याही (हे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये). दोन्ही पहिले दोन-तीन आटे हाताने घेतात, मग जड लागतात. तिथे पाना लावला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. गियरबॉक्सचा मूळ बोल्ट खिशात घालून दुकानात जा आणि आट्याला आटा लावून जुळवून घ्या. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 हा मजबुतीचा आकडा कोरलेला असावा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या, डोक्यावर काहीच न लिहिलेल्या बोल्टवर इंजिन लटकवू नका.

वाचक, वरूड: शेडमध्ये चेन पुली आहे. इंजिन स्टँडवर चढवायचा क्रम सांगा.

क्रमाआधी चेन पुलीचं बोलू. ती कशाला टांगली आहे? टिनाच्या शेडची कैची, म्हणजे छताचा त्रिकोणी सांगाडा, पत्रे आणि वारा यांच्या हिशेबाने बनवलेली असते, मधोमध सव्वादोनशे किलो टांगायला नाही. कडुनिंबाची फांदी बाहेरून हिरवी आणि आतून पोकळ निघू शकते. दोन इंची जाड पाइपची दहा फुटी तिपाई करा, तिचे तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा म्हणजे फाकणार नाहीत. पुली 1 टनाची पुरते.

आता क्रम. ऑइल आणि पाणी काढा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकावरचं जड चाक) उतरवा, कारण स्टँडचे हात तिथेच लागतात. फ्लायव्हील काढण्याआधी त्यावर आणि क्रँकच्या टोकावर पंचने खूण करा. चेन इंजिनाच्या मूळ उचलायच्या कड्यांना लावा, एक पुढचं आणि एक तिरकं मागचं. टॅपेट कव्हरच्या किंवा मॅनिफोल्डच्या स्टडला लावू नका. चेनच्या दोन फाट्यांमधला कोन 60 अंशांपेक्षा जास्त फाकू देऊ नका.

इंजिन हवेत असताना स्टँड त्याच्याकडे न्यायचा नाही. स्टँडचं डोकं, म्हणजे पाइप आणि चार हातांची प्लेट, बाहेर काढून आधी इंजिनाला बसवायचं. चार हात शक्य तितके दूरदूर, दोन वर आणि दोन खाली. चारही बोल्ट ब्लॉकमध्ये हाताने टेकवा. मग हात प्लेटला आवळा. ब्लॉकचे बोल्ट शेवटी आवळायचे. हा क्रम उलटा झाला तर हात सरळ बसण्यासाठी ब्लॉकच्या कानाला बाजूला ओढतात आणि अॅल्युमिनियमचा कान चिरतो. तडा इतका बारीक असतो की तो गियरबॉक्स लावल्यावरच कळतो.

पाइपचा मध्य कुठे यावा? हेडसकट (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण) इंजिन असेल तर क्रँकच्या मध्यापासून दोन ते चार इंच वर. भारमध्य पाइपच्या किंचित खाली राहिला पाहिजे. म्हणजे इंजिन सोडलं तरी झुल्यासारखं परत सरळ येतं. भारमध्य वर गेला तर पिन (पाइप फिरू नये म्हणून घातलेली खीळ) काढताच इंजिन गिरकी घेतं. डोकं स्टँडच्या नळीत घालून इंजिन चढवल्यावर चेन न काढता फक्त ढिली करा, हँडल दोघांनी धरा, पिन काढा आणि इंजिन कुठे कलतं ते बघा. समाधान झाल्यावरच चेन सोडा.

हेड उतरवलं की हिशेब बदलतो. वरचं वजन गेलं, क्रँकचं वजन खाली राहिलं. आता ब्लॉक उलटा करायला जास्त जोर लागेल आणि उलटा केल्यावर तो परत फिरायला बघेल. बहुतेक अपघात इथेच होतात, चेंबर उघडून बेअरिंग बघताना. पिन पूर्ण बसल्याची खात्री होईपर्यंत हँडल सोडू नका. आणि स्टँड कितीही भक्कम असला तरी इंजिनाखाली डोकं किंवा पाय घालू नका.

वाचक, मेहकर: गावातला वेल्डिंगवाला चांगला आहे. त्याच्याकडून बनवून घेतला तर मापं काय द्यावीत?

चार सिलिंडरच्या डिझेलपर्यंत, म्हणजे साधारण 250 किलोसाठी, ही मापं पुरतात. खांब आणि खालचे पाय 75 बाय 75 चा चौकोनी पाइप, जाडी 4 ते 5 मिमी. क्रँकची उंची जमिनीपासून 85-90 सेंटीमीटर यावी, म्हणजे वाकून काम करावं लागत नाही. खांबाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी 8 मिमीच्या तिकोनी पट्ट्या. खांबाचा सांधा नेहमी तिथेच उकलतो, म्हणून वरवरचे टाके नको, चारही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग.

फिरणारा भाग वेल्डिंगवाल्यावर सोडू नका, तो लेथवर करून घ्या. बाजारातला दोन इंची पाइप अडीच इंचीमध्ये टाकून भागवतात, पण त्यात आठेक मिमीची ढिलाई राहते आणि इंजिनाचं नाक खाली लोंबतं. बाहेरची नळी 200 मिमी लांब ठेवा, आतला दंड तिच्यात अर्धा मिमी ढिला, त्याहून जास्त नाही. मध्ये ग्रीससाठी एक निपल बसवा. दर 45 अंशांवर एक अशी आठ भोकं आणि 16 मिमीची पिन. पिन लोखंडी सळईची नको, ब्राइट बारची हवी. दंडाच्या मागच्या टोकाला जाड वॉशर आणि नट लावा, म्हणजे डोकं पुढे सरकून बाहेर येणार नाही. बनवलेल्या स्टँडमध्ये हेच बहुतेक विसरलं जातं.

बाहेरची नळी खांबावर अगदी काटकोनात जोडू नका. तोंड दोन-तीन अंश वर राहू द्या. भार आल्यावर ते सपाटीला येतं. पुढची प्लेट चार सुताची (अर्धा इंच), हातही चार सुताच्या पट्टीचे. प्लेट दंडावर जोडताना एका दमात गोल वेल्डिंग केलं तर ती उष्णतेने वाकते, मग चार हात एका पातळीत बसत नाहीत. आधी चार ठिकाणी टाका, मग समोरासमोर थोडं थोडं भरा.

चाकं सहा इंची, प्रत्येक 150 किलो पेलणारं. पुढची दोन सरळ, मागची दोन फिरती आणि ब्रेकची. तयार झाल्यावर त्यावर इंजिन लावण्याआधी भारमध्याच्या जागी, म्हणजे प्लेटपासून 42 सेंटीमीटरवर, खताच्या भरलेल्या गोण्या टांगून रात्रभर ठेवा. 50 किलोच्या सहा गोण्या पुरेत. सकाळी खांबाच्या बुडाचे आणि नळीचे सांधे खडूची पूड घासून बघा, चिरलं असेल तर रेघ उमटते.

वाचक, दारव्हा: आमच्या शेडला मुरमाची जमीन आहे. स्टँडची चाकं रुततात. पावसाळ्यात तर हलतच नाही.

मुरमावर भरलेला स्टँड हलवायचा प्रयत्नच करू नका. एक चाक रुतलं की सगळा भार त्या कोपऱ्यावर जातो. पूर्ण शेडला कोबा करायची गरज नाही, आठ बाय सहा फुटांचा एक चौथरा पुरतो. पण तुमच्याकडे खाली काळी माती असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट टाकलेलं काँक्रीट एक-दोन पावसाळ्यांत फुटतं. म्हणून दीड फूट माती काढा, तिथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने पाणी मारून धुम्मसने ठोकत भरा. वर 8 मिमीच्या सळईची जाळी आणि चार इंच काँक्रीट, प्रमाण 1:2:4. एवढ्या चौथऱ्याला सिमेंटची तीन पोती लागतात. एप्रिल-मेमध्ये टाकत असाल तर ओलं गोणपाट पसरून दहा दिवस ते सतत ओलं ठेवा. आपल्याकडचं ऊन दोन दिवसांत वरचा थर उकलून काढतं.

तेवढा खर्च नको असेल तर ठोकलेल्या मुरमावर दोन सुताची सहा बाय चार फुटी लोखंडी प्लेट टाका आणि स्टँड तिच्यावरच स्थिर ठेवा.

वाचक, आर्वी: स्टँडवर इंजिन पूर्ण बांधलं, पण मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हील बसवायला जागाच नाही. काय चुकलं?

फ्लायव्हीलचं काही चुकलं नाही, ते या प्रकारच्या स्टँडवर बसवता येतच नाही. सीलचं मात्र आधी बघायला हवं होतं. ज्या इंजिनांत मागचं सील वेगळ्या घरात असतं, त्यांत चेंबरची पॅकिंग (सांध्यातली गळती रोखणारी पट्टी) त्या घरावरही बसते. म्हणजे घर आधी आणि चेंबर नंतर. प्लेट आणि ब्लॉकमध्ये 75 मिमी जागा असेल तर 10 नंबरच्या पान्याने ते घर स्टँडवरच बसतं. तुमच्या स्टँडचे बुश आखूड असणार. लेथवाल्याकडून 80 मिमीचे बुश आणि त्या मापाचे बोल्ट करून घ्या. त्याहून लांब नको, बोल्ट वाकायला लागतात.

आता चेंबर बसलेलं असेल तर ते उघडून पॅकिंग नवी घालावी लागेल. जुन्या पॅकिंगवर भागवू नका, सीलच्या घराचा कोपरा हमखास गळतो.

शेवटी इंजिन चेनवर घेऊन स्टँडचं डोकं काढा आणि दोन्ही बाजूंच्या माउंटिंगखाली लाकडी ठोकळे देऊन टेकवा. चेंबरवर टेकवू नका. पत्र्याचं चेंबर आत पिचकलं की ऑइल पंपाची जाळी तळाला टेकते आणि नव्या इंजिनात ऑइलचं प्रेशर येत नाही. मग फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. क्रँक पुलीचा मोठा बोल्टही स्टँडवर आवळण्याचा हट्ट नको, गाडीत बसवल्यावर आवळा. हेडचे बोल्ट स्टँडवर आवळता येतात, पण चाकांना ब्रेक लावून आणि एक माणूस खांब धरून.

वाचक, कारंजा लाड: ब्लॉक बोअरिंग-होनिंग करून आणला. पिस्टन सेट यायला उशीर आहे, मध्ये पावसाळा लागेल. स्टँडवरच राहू द्यावा का?

राहू द्या, पण आजच धुवा. होनिंगच्या दगडाची कणी पेट्रोल किंवा डिझेलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. पांढरा कपडा बोअरमध्ये फिरवून काळा होत नाही तोवर धुवा, लगेच पुसा आणि लगेच इंजिन ऑइलचा हात द्या. ताजं होन केलेलं ओतीव लोखंड एका रात्रीत तांबूस होतं.

ऑइलच्या भोकांना टेप लावा. त्यांत कापसाचे बोळे कोंबू नका. आपल्याकडे कापूस हाताशी असतो म्हणून सगळे तेच करतात आणि त्याची तूस आत राहून बेअरिंगपर्यंत जाते. वरून प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, पण खालचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर आत पाणी सुटतं. ब्लॉक सरळ ठेवून पिन घाला आणि पुढच्या टोकाखाली घोडी (टेकू द्यायचा लोखंडी स्टँड) किंवा लाकडी ठोकळा द्या, म्हणजे महिनोन् महिने चार बोल्टांवरच भार राहणार नाही. दर पंधरा दिवसांनी पिशवी काढून बोअरला पुन्हा ऑइल लावा.

वाचक, चांदूर रेल्वे: याच स्टँडवर ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं इंजिन चालेल का?

नाही. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच चासीचा भाग असतो, त्यामुळे ब्लॉक आणि ओतीव चेंबर दोन्ही जाड आणि फार जड असतात. मागचं तोंडही कारपेक्षा मोठं, स्टँडचे हात तिथपर्यंत पोचत नाहीत. ट्रॅक्टर मधून उघडताना दोन्ही अर्धांखाली घोड्या द्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढच्या धुऱ्यात दोन्ही बाजूंना लाकडी पाचर मारा म्हणजे पुढचा अर्धा भाग कलणार नाही. इंजिन पूर्ण उतरवायचं असेल तर ते चॅनलच्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या मेजावर घ्या आणि चेन पुलीनेच उलटा.